वामकुक्षी आणि जठराचं दार

वाम म्हणजे डावी आणि कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर आडवं होणं, ही खरी वामकुक्षी. आता दुपारच्या कुठल्याही झोपेला आपण हा शब्द वापरतो आणि त्यातली 'डावी' बाजू विसरून जातो. ती डावीच का, हे जठराची ठेवण पाहिली की कळतं.

'पोटात दुखतंय' म्हणताना हात बेंबीपाशी जातो, पण जठर तिथे नसतं. ते बरंच वर, डाव्या बरगड्यांच्या आड, छाती आणि पोट यांना वेगळं करणाऱ्या स्नायूच्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, खालून टेकलेलं असतं. रिकामं असताना ते आतून घड्याघड्यांचं असतं. पोटभर जेवलो की घड्या उलगडतात आणि लिटरभर ऐवज त्यात सहज मावतो.

तिथवर घास नेणारी अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. श्वासनलिकेच्या मागून, पाठीच्या कण्याच्या पुढून ती खाली उतरते. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही, स्नायूंच्या आकुंचनाची लाट त्याला 8 ते 10 सेकंदांत ढकलत नेते. म्हणून तर डोकं खाली आणि पाय वर असतानाही गिळलेलं पाणी जठरात पोचतं.

मला खरं नवल वाटतं ते या दोघांच्या सांध्याचं. श्वासपटलाला एक भोक असतं. त्यातून अन्ननलिका पोटात शिरते आणि लगेच जठराला मिळते. हृदयात असते तशी झडप इथे नाही. तरीही दार बंद राहतं, कारण ते तिघं मिळून धरतात. अन्ननलिकेच्या टोकाचा स्नायू एरवी आवळलेला असतो. बाहेरून श्वासपटलाचे स्नायू तिला वेढा घालतात आणि आपण जोर लावला, वजन उचललं की पकड घट्ट करतात. तिसरी गोष्ट म्हणजे तिरपेपणा: अन्ननलिका जठराच्या शेंड्याला न मिळता बाजूने मिळते आणि जठराचा डावा भाग त्या सांध्याच्याही वर फुगलेला असतो.

याच वरच्या फुगवट्यात जेवताना गिळलेली हवा साठते. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाव्या श्वासपटलाखाली तो बुडबुडा बऱ्याचदा दिसतो. हवा सोडायला दार काही सेकंद सैल पडतं आणि ढेकर येते. कधी हवेसोबत आम्लही वर येतं. जठराला त्याचं काही वाटत नाही, कारण त्याच्या अस्तरावर श्लेष्माचा जाड थर असतो आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलल्या जातात. अन्ननलिकेचं अस्तर मात्र तोंडातल्यासारखं फिकट गुलाबी, त्याला असा थर नाही. दुर्बिणीतून पाहताना जिथे हा फिकट रंग संपून लालसर सुरू होतो, ती वेडीवाकडी सीमारेषा स्पष्ट दिसते. तिच्या वर आम्ल चढलं की छातीत जळजळतं.

आपण त्याला 'पित्त झालं' म्हणतो. आयुर्वेदातली पित्ताची कल्पना व्यापक आहे, ती वेगळी. शरीरशास्त्रातलं पित्त यकृतात तयार होतं आणि जठराच्या पुढे, लहान आतड्यात उतरतं. जळजळीत बहुतेक वेळा दोष असतो तो जठरातल्या आम्लाचा.

आता डावी कूस. त्या बाजूला वळलं की जठराचा फुगीर भाग खाली जातो, आम्ल तिथे साचतं आणि दार त्याच्या वर राहतं. उजवीकडे वळलं की दार खाली येतं आणि जठर वर राहतं. अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून केलेल्या मोजणीतही हेच आढळलं: डाव्या कुशीवर असताना वर आलेलं आम्ल लवकर खाली जातं.

पण घास अडकू लागला, वजन विनाकारण घटू लागलं किंवा शौच काळी होऊ लागली, तर कूस बदलून भागत नाही. तेव्हा दुर्बिणीने तपासणी करून घ्यायलाच हवी.