माफ करणं वेगळं, परत पुलपिटवर उभं करणं वेगळं

ऐरोलीला आमची छोटी ख्रिस्ती मंडळी आहे, भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी दहाला उपासना असते. गेल्या वर्षी एका रविवारी पाळकसाहेब पुढे आले आणि रडायला लागले, म्हणाले माझ्या हातून पाप झालंय, देवाची आणि तुमची क्षमा मागतो. सगळा हॉल उभा राहिला, बायका रडत होत्या, वडीलजनांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आणि चौथ्या रविवारी तेच पाळक संदेश द्यायला उभे! ज्या मुलीशी ते वर्षभर नको तसं वागले ती क्वायरमध्ये गायची, तिची खुर्ची तोवर रिकामी झाली होती. मी कमिटीतल्या एका काकांना विचारलं की हे इतक्या लवकर कसं, तर म्हणाले, "अगं, आपण सगळ्यांनी माफ केलं ना? मग आता परत काय?"

ह्या "मग परत काय" मध्येच सगळा घोळ आहे आणि काका काही वाईट माणूस नाहीत, त्यांना खरंच वाटतं की माफी दिली म्हणजे पद आपोआप परत आलं, पद नाही दिलं म्हणजे माफीच खोटी होती. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द वापरतात, रिस्टोरेशन, म्हणजे पूर्ववत करणं, त्यामुळे अजून गोंधळ. गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात पौल सांगतो की कुणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा. बरोबर आहे, पण ताळ्यावर आणायला सांगितलंय, व्यासपीठावर नाही.

क्षमेला मुदत नाही, लायकीचा प्रश्न नाही. प्रभूचा शिष्य पेत्र ह्याने विचारलं सात वेळा माफ करू का, तर प्रभूने आकडा असा दिला की मोजणंच सोडून द्यावं. पश्चात्ताप करणाऱ्या माणसाला मंडळीत जागा आहे, त्याच्यासाठी प्रार्थना आहे, त्याच्या घरी कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन जाणं आहे, आणि ते आपण करायलाच हवं, त्यात मागेपुढे बघू नये.

पाळकपणाचं तसं नाही, तिथे अटी आहेत आणि त्या शास्त्रातच लिहिल्यात. पहिलं तीमथ्य 3 वाचा, अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, अदूष्य म्हणजे बोट ठेवायला जागा नसलेला असावा, आणि बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. बाहेरच्या लोकांत! नाव एकदा गेलं की चार रविवारात परत येत नाही, कधीकधी चाळीस वर्षांतही नाही. पद हा कुणाचा हक्क नसतो, लोक आपली पोरं, आपली दुःखं, आपल्या घरातल्या गोष्टी ज्याच्या हातात देतात त्याच्यावरचा तो भरवसा असतो. सोसायटीच्या खजिनदाराने सिंकिंग फंड खाल्ला तर आपण त्याला माफ करू, दिवाळीला फराळ पण देऊ, पण चेकबुक देतो का परत? आणि नाही दिलं म्हणून त्याला माफ केलं नाही असं कुणी म्हणतं का?

मग लोक दाविदाचं नाव काढतात, दावीद पापात पडला तरी राजा राहिलाच ना. तर 2 शमुवेल 12 नीट वाचा. दावीद म्हणतो मी पाप केलं, नाथान संदेष्टा म्हणतो परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस, आणि त्याच दमात पुढचं वाक्य असं की तुझं मूल मरेल. त्याच्या थोडंसं आधीच सांगून झालंय की तलवार तुझ्या घरातून जाणार नाही. क्षमा आणि परिणाम एकाच संवादात आहेत, एकाने दुसरं पुसलं जात नाही. राजेपण राहिलं हे खरं पण त्यानंतरचं त्याचं घर कसं फुटलं ते पण बघा ना, आणि मुख्य म्हणजे शास्त्राने काहीच झाकलं नाही, बथशेबाशी केलेला व्यभिचार, तिचा नवरा उरीया ह्याला मारवणं, सगळं लिहून ठेवलंय.

पेत्राचं उदाहरण जास्त अवघड आहे, मी पण त्यावर बरेच दिवस विचार केला. त्याने प्रभूला तीनदा नाकारलं आणि तरी प्रभूने त्याला माझी मेंढरं पाळ म्हणून सांगितलं. पण योहान 21 मध्ये हे कोण सांगतंय? ज्याला नाकारलं होतं तो स्वतः. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच समोर बसवून तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि पेत्र दुःखी झाला तरी विचारायचं थांबवलं नाही. आमच्याकडे अन्याय झाला होता त्या मुलीवर आणि तिला कुणी एकदाही विचारलं नाही. आम्ही तिच्या वतीने माफ करून मोकळे झालो.

शेजारच्या कॅथलिक काकूंशी बोलताना कळलं की त्यांच्याकडे ह्या दोन गोष्टींचे रस्तेच वेगळे आहेत. पापांगिकार केला, म्हणजे फादरजवळ पापं कबूल केली, की ते पापक्षमा देतात, पण याजकपदाचं काय ते चर्चच्या कायद्याने ठरतं. अमेरिकेचे माजी कार्डिनल मॅककॅरिक ह्यांना लैंगिक अत्याचारांवरून 2019 च्या फेब्रुवारीत याजकवर्गातूनच काढून टाकलं, तरी कुठल्याही साध्या ख्रिस्ती माणसासारखा पापांगिकार करायला त्यांना दार उघडं होतं. आता त्यांच्याकडेही कित्येक वर्षं झाकाझाकी झाली हे सगळ्यांना माहीत आहे, पण निदान हा फरक कागदावर तरी स्पष्ट आहे. आमच्यासारख्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये वर बिशप नाही, कायदा नाही, कमिटीत निम्मे पाळकांचे नातेवाईक, मग अश्रू बघून निर्णय होतो.

आणि अश्रू खरे असले तरी सत्य पूर्ण बाहेर आलंय का हे कसं कळणार? ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस, मद्रासला जन्मलेले, ज्यांची भाषणं आपल्यातल्या कितीतरी जणांनी ऐकलीत, त्यांच्याबद्दल 2017 ला एका बाईने तक्रार केली तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांचीच बाजू घेतली. ते 2020 च्या मे महिन्यात गेले, आणि 2021 च्या फेब्रुवारीत संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला तेव्हा कळलं की वर्षानुवर्षं किती बायकांशी ते कसे वागले, मग बोर्डाने माफी मागितली. म्हणून आधी चौकशी, तीही बाहेरच्या माणसांकडून. आणि मूल अठराच्या खालचं असेल तर हा कमिटीचा विषयच नाही, पॉक्सो 2012 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. "अभिषिक्ताला हात लावू नका" हे देवाने नेमलेल्या माणसाबद्दलचं वचन तिथे लागत नाही.

एक अजून, माझ्या मावशीला रात्री झोप लागेना, म्हणाली माझा बाप्तिस्मा ह्या आपल्या पाळकाच्याच हातचा, तो आता खोटा का? नाही मावशी. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत ह्याच प्रश्नावर डोनाटिस्ट लोकांचा, म्हणजे पतित पाळकाच्या हातचा बाप्तिस्मा खोटा मानणाऱ्यांचा, मोठा वाद झाला आणि तिथले बिशप ऑगस्टीन ह्यांनी सांगितलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो टिकून नाही.

मागच्या महिन्यात आई त्या मुलीला भेटायला कोपरखैरण्याला गेली. ती चांगली बोलली, चहा केला. माफ तर मी कधीच केलंय काकू, म्हणाली, पण ते पुढे उभे असतील तर मला त्या हॉलमध्ये श्वास घेता येत नाही. आता ती नेरूळच्या एका चर्चला जाते, आणि तिथे अजून गात नाही, नुसती मागच्या बाकावर बसते.