बिबट्या का वाढला, लांडगा का आक्रसला

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या ऊसपट्ट्यात गेल्या तीन-चार दशकांत बिबट्या वाढला. त्याच पुणे जिल्ह्यात बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरच्या माळांवर लांडगा आणि चिंकारा यांची जागा आक्रसत गेली. दोन्हींच्या मुळाशी कालव्याचं पाणी आहे.

वन्यप्राण्यांची संख्या कशाने अडते, हा प्रश्न जुना आहे. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये वाढीचं गणित मांडलं. प्राणी थोडे असतात तेव्हा वाढ संथ असते. अधिवास जेवढे प्राणी पोसू शकतो त्याच्या, म्हणजे धारणक्षमतेच्या, निम्म्यावर संख्या आली की वाढ सर्वांत वेगवान होते आणि पुढे मंदावते. याच काळात जर्मनीच्या लीबिग यांनी पिकांबाबत सांगितलं, की जे पोषकद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी, तेच उत्पन्न ठरवतं. वन्यप्राण्यांनाही ते बरंचसं लागू पडतं. अन्न, पाणी, लपण, पिल्लं वाढवायला निवांत जागा यांपैकी ज्याची टंचाई, तिथे संख्या थांबते. ती टंचाई दूर झाली की संख्या वाढते आणि दुसऱ्या एखाद्या गोष्टीशी जाऊन अडते.

जुन्नर भागात पूर्वी लपण कमी होतं. बाजरी तीन-साडेतीन महिन्यांत निघते, मग रान उघडं. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणं झाली आणि बाजरीच्या जागी ऊस आला. सुरू ऊस बारा महिने उभा राहतो, आडसाली सोळा ते अठरा. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा आणि पिल्लं सहसा दोन-तीन. म्हणजे एकाच आडसाली फडात ती विते आणि पिल्लं बरीच मोठीही करते. तोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात ती यामुळेच. ती पिल्लं उचलून नेली तर बिथरलेली आई त्याच परिसरात घिरट्या घालते. म्हणून तपासणी करून अंधार पडायच्या आत ती सापडली त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि माणसांनी पूर्ण बाजूला व्हायचं. मादी बहुधा रात्रीतच ती घेऊन जाते. बघ्यांची गर्दी हटली नाही तर मात्र ती जवळ येत नाही.

अन्नाचा प्रश्नही इथे सुटला. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सुमारे ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. उघड्यावरचा कचरा आणि पोल्ट्रीची घाण कुत्री पोसते, कुत्री बिबट्याला पोसतात.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभरहून अधिक बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेच दूरच्या जंगलांत सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ती सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर भरकटतं, माणसांच्या वाटेत येतं. इकडे मोकळ्या झालेल्या हद्दीत तरुण बिबट्या शिरतो. शिवाय ऊस, पाणी आणि कुत्री तशीच राहिली, तर निम्मे बिबटे काढणं म्हणजे संख्या सर्वांत वेगाने वाढते त्या टप्प्यावर तिला आणून ठेवणं. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो, त्यात दुमत नाही. पण सरसकट पिंजरे लावून संख्या आटोक्यात येईल ही अपेक्षा चुकीची आहे.

माळरानाचं नशीब उलट फिरलं. इंग्रजी अमदानीपासून गवताळ जमिनीची नोंद पडीक म्हणून झाली आणि पडीक म्हणजे काहीही करायला मोकळी, असा अर्थ रुजला. पाणी पोचलं तिथे ऊस आणि फळबागा आल्या, उरलेल्या ठिकाणी प्लॉटिंग, नाहीतर चर खणून गिरिपुष्पाची लागवड. झाडांच्या सावलीत कुसळी, पवन्या, मारवेल ही माळाची गवतं मागे हटतात. चिंकाऱ्याला पाणी फारसं लागत नाही, ओलावा तो पाल्यातून मिळवतो. त्याला हवा दूरवर नजर पोचणारा उघडा माळ. त्याच्यासाठी १९९७ मध्ये बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालं, त्याचं क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्याच्या एका कळपाला दीड-दोनशे लागतात. म्हणजे लांडगा जगणार तो अभयारण्याबाहेर, धनगरांच्या मेंढ्यांच्या मागेमागे. गायरान गेलं की मेंढ्या जातात आणि लांडग्याचं अन्नही.

त्यात प्लास्टिक अंथरलेली शेततळी, काँक्रीटचे कालवे आणि बिनकठड्याच्या विहिरी. ओल्या प्लास्टिकवर खूर किंवा नख रुतत नाही. प्राणी काठाकाठाने पोहत दमतो आणि बुडतो. दोन बाजूंना काठापासून तळापर्यंत जाड दोराची जाळी किंवा खरबरीत उतार ठेवला तर तो बाहेर येतो. जाळी पाण्याच्या वरच संपली तर उपयोग नाही, कारण उन्हाळ्यात पातळी खाली जाते.

बिबट्याला पोसणारी कुत्रीच लांडग्याच्या मुळावर येतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. कळप विखुरला, जोडीदार मिळेना, की संकराची शक्यता वाढते. दुसरा धोका कॅनाइन डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांत पसरू शकणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह या रोगाच्या साथीत गेले. रेबीजची लस त्यावर चालत नाही. डिस्टेंपरची वेगळी लस पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. भटकं पिल्लू पुन्हा हाती लागत नाही आणि पुढचे डोस चुकतात. म्हणून माळावर सुरुवात धनगरांच्या आणि वस्तीवरच्या पाळीव कुत्र्यांपासून करावी: ती मालकाजवळ सापडतात आणि लांडग्याशी त्यांचीच गाठ वारंवार पडते.