सुगम संवादाचा कायदा आणि नियम 15 : पार्श्वभूमी

दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीपर्यंत माहिती तिला समजेल अशा रूपात पोहोचली पाहिजे, हा विचार 1995च्या अपंगविषयक कायद्यात जवळपास नव्हताच. रस्त्यावरच्या सिग्नलला आवाज असावा, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा असाव्यात, अशा मोजक्या सोयींवर तो थांबत होता आणि त्यांनाही आर्थिक क्षमतेची मर्यादा घातलेली होती. भारताने ऑक्टोबर 2007मध्ये अपंगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिल्यावर हा कायदा अपुरा ठरला, तरी नवा कायदा व्हायला आणखी नऊ वर्षे लागली. मधल्या काळात 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातील अडसर दूर झाला आणि छापील पुस्तके ब्रेल किंवा ध्वनिरूपात आणण्याची वाट मोकळी झाली.

डिसेंबर 2016मध्ये मंजूर झालेला दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम एप्रिल 2017पासून लागू झाला. त्यातील संवादाची व्याख्या ब्रेल, स्पर्शाने होणारा संवाद, ठळक मोठी छपाई, सांकेतिक भाषा, सोपी भाषा आणि वाचून दाखवणारी व्यक्ती या सर्वांना सामावून घेते. कलम 42ने दृक्‌श्राव्य माध्यमांत ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतील निवेदन आणि उपशीर्षके देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. इतकी व्यापक तरतूद असूनही प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही, त्याचे एक मोठे कारण या अधिनियमाखाली 2017मध्ये केलेल्या नियमांपैकी नियम 15मध्ये होते.

अधिनियमाचे कलम 40 सुगमतेची मानके नियमांद्वारे ठरवून देण्याचे बंधन सरकारवर घालते. जून 2017च्या नियमांनी मात्र स्वतंत्र किमान मानके न आखता बहुतांशी आधीच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले; संकेतस्थळे सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे असावीत आणि दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाचे एक स्वरूप) किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून मजकुरात बदललेल्या, पीडीएफ स्वरूपात असावेत, असे त्यात म्हटले. मार्गदर्शक तत्त्वांची भाषा बव्हंशी शिफारशीची असल्याने, कायद्याने दिलेला हक्क नियमात येईपर्यंत सूचनेपुरता उरला. मराठीपुरते बोलायचे तर, सही-शिक्क्यानिशी स्कॅन केलेला आदेश किंवा युनिकोड ही अक्षरांची सामाईक संकेतप्रणाली येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले परिपत्रक स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही. पहिले त्याच्या लेखी केवळ चित्र असते आणि दुसऱ्यातून निरर्थक अक्षरे ऐकू येतात. असा कागद संकेतस्थळावर टाकला की माहिती जाहीर झाल्याची नोंद होते, परंतु दृष्टिहीन नागरिकाला ती मिळालेली नसते.

2005मध्ये एका दृष्टिहीन व्यक्तीने दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नियम 15(1) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत आखण्यास सांगितले. सोयी क्रमाक्रमानेच वाढतील, हे म्हणणे न्यायालयाने सर्वस्वी नाकारले नाही. परंतु ज्याच्या खाली जाता येणार नाही असा किमान स्तर आधी निश्चित हवा आणि सुधारणा त्याच्या वर व्हावी, अशी विभागणी केली. या निकालाने प्रशासनाला अशक्यप्राय काम दिले, ही टीका त्यामुळे टिकत नाही. अधिनियमातील दंडाची तरतूद अधिनियम आणि नियम यांच्या उल्लंघनासाठी आहे. नियमच ऐच्छिक असेल, तर उल्लंघन कशाचे झाले हे दाखवणेही कठीण होते.

सर्वोच्च न्यायालयाच्याच 30 एप्रिल 2025च्या निकालाने डिजिटल सेवांची सुगमता जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडली. केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची सक्ती दृष्टिहीन व्यक्तींना आणि चेहरा भाजलेल्या ॲसिडहल्लापीडितांना सेवेबाहेर ठेवत होती. तिथे पर्यायी पद्धती देण्याचे निर्देश निघाले. त्यात ब्रेलबरोबर सहज वाचता येईल अशा मजकुराचाही उल्लेख आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी तो विशेष मोलाचा आहे, कारण नियम 15ने फाइलचे स्वरूप सांगितले होते, पण तिच्यातील वाक्ये किती सोपी असावीत याविषयी तो काहीच बोलत नव्हता.