अँटीजेन पाठवण्याआधी: कुपीत काय काय आहे ते आम्हाला कळवा

मोनोक्लोनल अँटीबॉडी (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी, एकाच लक्ष्याला चिकटणारी अँटीबॉडी) करून घ्यायला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती दिवस लागतील?" पाच ते सहा महिने. उंदरांना अँटीजेनचे, म्हणजे ज्याविरुद्ध अँटीबॉडी हवी त्या प्रोटीनचे, डोस देण्यात दोन-अडीच महिने जातात. फ्यूजननंतर (उंदराच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कर्कपेशींशी जोडल्यावर) प्लेट तपासायला दहा-बारा दिवस, मग दोनदा क्लोनिंग (एकेक पेशी वेगळी करून तिचा वंश, म्हणजे क्लोन, वाढवणं), वाढवणं, शुद्धीकरण. 1975 साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिजमध्ये दाखवलेली ही वाट आजही मुळात तशीच आहे, आणि पेशींना घाई करता येत नाही.

मात्र हे सहा महिने वर्षावर जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. प्रोटीन टिकावं म्हणून त्यात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन) घातलेलं असतं आणि ते कुपीवर लिहिलेलं नसतं.

हिशेब पाहा. कुपीत 1 मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम तुमचं प्रोटीन आणि 0.1 टक्का बीएसए असेल, तर बीएसए 1000 मायक्रोग्रॅम होतं, म्हणजे वीसपट. प्रोटीन मोजण्याची ब्रॅडफर्ड चाचणी दोन्ही एकत्रच मोजते, त्यामुळे आकडा भरघोस दिसतो. उंदराचं शरीर बीएसएविरुद्ध जोरदार अँटीबॉडी बनवतं आणि तुमचं प्रोटीन मागे पडतं.

सुरुवातीच्या काळात आम्ही स्वतः यात फसलो. पपईच्या रिंगस्पॉट विषाणूचं कोट प्रोटीन आलं होतं. आलेला नमुनाच आम्ही एलायझाच्या (अँटीबॉडी चिकटली की रंग देणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर लावला. उंदराचं सीरम 64,000 पट पातळ केलं तरी टीएमबी हे रंग देणारं रसायन टाकल्यावर वेल (प्लेटमधला खळगा) निळी होत होती. आम्ही खूश. फ्यूजन झालं, बाराव्या दिवशी दहा प्लेट तपासल्या आणि एकाही वेलमध्ये रंग आला नाही. उरलेल्या थेंबभर नमुन्याची जेल चालवली (तिच्यात प्रोटीनं आकारानुसार वेगळी होतात) तेव्हा 66 किलोडाल्टनवर, म्हणजे बीएसएच्या जागी, जाड काळा पट्टा दिसला आणि 36 च्या जवळ, जिथे कोट प्रोटीन असायला हवं, तिथे जेमतेम एक रेघ. फ्यूजननंतर रंग का गेला तेही मग उमगलं: पेशी ज्या माध्यमात वाढतात त्यात वासराचं सीरम असतं, त्यात हेच अल्ब्युमिन भरपूर असतं, आणि बीएसएला चिकटणाऱ्या अँटीबॉडी तिथेच अडकून पडतात.

जीएसटी टॅगचा (शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून प्रोटीनला जोडलेल्या तुकड्याचा) त्रास वेगळा. तिथे रंग भरपूर येतो, पण त्यातले बरेच क्लोन 26 किलोडाल्टनच्या टॅगलाच चिकटणारे निघतात. म्हणून आता आम्ही प्रत्येक क्लोन नुसत्या टॅगवरही तपासतो. टॅग काढून प्रोटीन देता आलं तर उत्तमच. नाही जमलं, तर त्याच टॅगचं दुसरं कुठलंही प्रोटीन थोडं सोबत पाठवा, तेवढ्यावर भागतं.

"आधी जेलचा फोटो पाठवा, मगच काम सुरू करू" हा आमचा आग्रह काहींना खटकतो. पण आम्ही त्यावर ठाम आहोत. नीतिसमितीने मंजूर केलेल्या संख्येपलीकडे आम्हाला उंदीर वापरता येत नाहीत, आणि बिनलेबलच्या बीएसएपायी चार जीव घालवणं आम्हाला मान्य नाही. तुमच्याकडे जेलची सोय नसेल तर नमुना आल्यावर आम्ही चालवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. बीएसए दिसलं तर त्याच दिवशी फोन करतो. ते काढून देता येतं, पण प्रोटीन थोडं वाया जातं, म्हणून मुळातच न घातलेलं बरं. टिकवण्यासाठी ग्लिसरॉल चालेल.

प्रमाण विचाराल तर दीड मिलिग्रॅम तरी हवं. 4 उंदीर, प्रत्येकी 4 डोस, डोसाला 50 मायक्रोग्रॅम, इथेच 800 संपतात. उरलेलं प्लेट लावण्यात आणि फेरतपासणीत जातं.

आणखी एक गोष्ट कळवा: अँटीबॉडी वापरणार कुठे? एलायझात छान चालणारी ब्लॉटवर (जेलमधली प्रोटीनं पडद्यावर उतरवून केलेल्या चाचणीत) हमखास चालेलच असं नाही, कारण ब्लॉटमध्ये प्रोटीनची घडी उलगडलेली असते. आधी माहीत असेल तर आम्ही सुरुवातीपासून त्याच कसोटीवर क्लोन निवडतो. आणि खरं सांगायचं तर काही कामांना सशाची पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण) पुरते. तसं असेल तर आम्ही तेच सुचवतो, तुमचा खर्च वाचतो.

तयार क्लोन तुमच्या मालकीचा. त्याच्या कुप्या तुम्हाला देतो आणि दोन आमच्याकडे द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. तुमच्याकडचा फ्रीझर बंद पडला तर त्या उपयोगी येतात.

नमुना कोरड्या बर्फात, सोमवार ते बुधवार या दिवसांतच कुरिअरला द्या. शुक्रवारी निघालेला खोका रविवारभर गोदामात पडून राहतो आणि आमच्या हाती पोचेपर्यंत त्यातला बर्फ उडून गेलेला असतो.