केस पेपरवर 'रिटायर्ड' लिहिलं की अर्धा दावा तिथेच बुडतो

सत्तरीचा माणूस दम लागतो म्हणून दवाखान्यात येतो, एक्स-रेत छातीत पाणी दिसतं आणि केस पेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं जातं 'रिटायर्ड'. बस. पण त्याला झालेल्या कॅन्सरची सुरुवात 30-40 वर्षांपूर्वीची असू शकते, जेव्हा तो बॉयलरच्या पाइपवरचं ॲस्बेस्टॉसचं जुनं आवरण हातोडीने फोडायचा आणि पांढरी धूळ भुवयांवर बसायची, ते कुणी विचारलंच नाही तर व्यवसायजन्य आजाराच्या (म्हणजे कामामुळे झालेल्या आजाराच्या) भरपाईचा दावा करायचा कशाच्या जोरावर?

ॲस्बेस्टॉस हे खनिज, पण तंतूंचं. हे तंतू उभे चिरत जातात, बारीक होत होत फुफ्फुसात खोल पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात पण तंतू पेशीपेक्षाही लांब असतो, अर्धा आत अर्धा बाहेर, मग पेशी मरते आणि तिच्यातून निघालेली रसायनं शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, आणि हे वर्षानुवर्षं चालूच राहतं. काही तंतूंवर शरीर लोहयुक्त प्रथिनाचा थर चढवतं, मायक्रोस्कोपखाली सोनेरी-तपकिरी, टोकं फुगलेली, अगदी डंबेलसारखी दिसतात. यांना ॲस्बेस्टॉस बॉडी म्हणतात. शरीराने स्वतः जपून ठेवलेला पुरावाच म्हणा ना. मात्र त्या सापडल्या नाहीत म्हणून संपर्क नव्हता असं अजिबात नाही, पांढरा ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल फुफ्फुसातून लवकर निघून जातो आणि त्याच्यावर असा थरही कमी चढतो.

आता आजार व्यवसायजन्य म्हणून मान्य होण्याचं बघू. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कॅन्सर, त्यात तसं सोपं आहे, कारण तो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो आणि थोडक्या संपर्कानेही होऊ शकतो. खरी ओढाताण फुफ्फुसाच्या कॅन्सरची. त्या गाठीवर कारण लिहिलेलं नसतं. यासाठी 1997 मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीला तज्ज्ञांनी निकष ठरवले, त्यात एक माप आहे 'फायबर-इयर': हवेच्या एका मिलीलिटरमध्ये एक तंतू, अशा हवेत वर्षभर काम केलं की एक. म्हणजे 5 तंतूंच्या हवेत 5 वर्षं काढली की 25 झाले, आणि 25 ला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट होतो असं धरतात. दुप्पटच का, तर मग अशा दोन रुग्णांतल्या एकाचा आजार ॲस्बेस्टॉसच्या खात्यावर जातो. पण 40 वर्षांपूर्वी त्या शेडमधली हवा मोजली होती कुणी? म्हणून कामाचा प्रकार आणि वर्षं यावरून अंदाज धरावा लागतो, आणि माझ्या मते शंकेचा फायदा कामगारालाच मिळायला हवा, कारण धूळ मोजायची जबाबदारी त्याची कधीच नव्हती.

'तुम्ही सिगरेट ओढत होतात ना' हे म्हणून दावा बाजूला सारणं तर विज्ञानाला धरूनच नाही. सिगरेट आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा खूप जास्त वाढतो, म्हणजे सिगरेट ओढणाऱ्याचं ॲस्बेस्टॉसने जास्तच नुकसान केलेलं असतं. हेलसिंकीच्या निकषांतही सिगरेटमुळे ॲस्बेस्टॉसचा वाटा रद्द होत नाही.

जर्मनीने ॲस्बेस्टोसिससोबतचा (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसं कडक होण्याचा आजार) फुफ्फुसाचा कॅन्सर 1943 मध्येच व्यवसायजन्य मानला होता. स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कॅन्सरही ॲस्बेस्टॉसमुळे होतो हे आता पक्कं झालंय, तरी अर्ज बघणाऱ्याच्या डोक्यात फुफ्फुसच असतं.

आणि ज्या बायकांनी नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे आधी झटकले मग धुतले, त्यांनाही हाच मेसोथेलिओमा होतो. फॉर्मवर मालकाचं नाव विचारलेलं असतं, तिथे त्यांनी काय लिहायचं? फ्रान्समध्ये ॲस्बेस्टॉसग्रस्तांसाठी वेगळा फंड आहे, त्यात कामगार नसलेल्यांनाही भरपाई मिळते. बाकी बऱ्याच ठिकाणी तो रकाना कोराच राहतो.