पेंटबॉलच्या मैदानावर चहाचा कागदी कप

मे महिन्यात भाच्यांना घेऊन लोणावळ्याजवळच्या एका पेंटबॉल मैदानावर गेले होते. पेंटबॉल म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या बंदुकीने एकमेकांवर झाडायचा खेळ. तेरा वर्षांचा धाकटा खेळता खेळता मध्येच थांबला आणि त्याचा हात मास्ककडे गेला. काचेवर वाफ धरली होती, समोरचं काही दिसत नव्हतं. मास्क कपाळावर सरकवून तो काच पुसणार, एवढ्यात मैदानावर देखरेख करणारा मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला, "ए बाळा, मास्क खाली! आधी खाली घे!" सगळ्यांच्या बंदुका थांबल्या. त्याने भाच्याला हाताला धरून जाळीच्या आत नेलं आणि मगच काच पुसायला दिली.

नंतर मी तिथली प्रथमोपचाराची पेटी बघायला मागितली. पेटी भिंतीवर होती. तिला कुलूप होतं, किल्ली मॅनेजरकडे होती आणि मॅनेजर जेवायला गेले होते. ते आल्यावर पेटी उघडली, तर आत कापूस, बँडेज, जंतुनाशक आणि मुदत संपलेल्या डोळ्यांच्या थेंबांची एक बाटली. त्या दुपारी खरा प्रथमोपचार कोणी केला असेल, तर तो त्या ओरडणाऱ्या मुलाने. असं का म्हणते, ते समजायला डोळ्याची आणि त्या छोट्या गोळीची मापं शेजारी शेजारी ठेवून बघावी लागतात.

पेंटबॉलच्या बंदुकीला खेळाडू मार्कर म्हणतात, आणि हा शब्द खेळापेक्षा जुना आहे. जंगलात तोडायच्या झाडांवर लांबूनच रंगाची खूण करता यावी म्हणून अमेरिकेत हे हत्यार बनलं. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी त्याने पहिला खेळ खेळला. जिंकला तो एक वनाधिकारी, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती. गोळीचं वरचं कवच असतं जिलेटिनचं. माशाच्या तेलाच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने ही गोळी बनते. आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग. म्हणजे हातात घेतली तर अगदी निरुपद्रवी वाटते.

नेहमीच्या गोळीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर, वजन जेमतेम ३ ग्रॅम. मैदानावर वेगाची कमाल मर्यादा साधारणपणे सेकंदाला ३०० फूट ठेवतात, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. हिशेब केला तर नळीतून निघताना तिच्यात १२ ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एवढीच ऊर्जा ताशी ४५ किलोमीटर वेगाने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत असते. तो चेंडू गालावर बसला तर आपण कळवळू, पण डोळ्याला थोडा तरी आसरा असतो. भुवईचं हाड, गालाचं हाड आणि नाक मिळून डोळ्याभोवती खोबण तयार होते. तिची रुंदी सुमारे ४ सेंटिमीटर, उंची साडेतीन. सात सेंटिमीटरचा चेंडू या कडांवर आदळतो आणि बराचसा धक्का हाडं झेलतात. क्रिकेटच्या चेंडूनेही डोळे गेले आहेत, पण तिथे हाड निदान मध्ये तरी पडतं. १७ मिलिमीटरची गोळी मात्र कुठल्याही कडेला न लागता सरळ खोबणीत शिरते. समोर असतो २४ मिलिमीटरचा डोळा.

डोळा म्हणजे द्रवाने भरलेला गोल, आणि द्रव दाबून आक्रसत नाही. समोरून ठोसा बसला की बुबुळावरचा पारदर्शक पडदा आत जातो आणि डोळ्याचा मधला घेर बाहेर फुगतो. पाण्याने भरलेला फुगा तळहातांत दाबून बघा, तसंच. या ताणात बुबुळाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि बुबुळापुढच्या पोकळीत रक्त साचतं. मागच्या बाजूला डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ दृष्टिपटलाला धरून असतो. तो खेचला जातो आणि पटलाला चीर पडू शकते. कधी भिंग जागेवरून सरकतं, कधी डोळ्याचं बाहेरचं आवरणच फाटतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होऊन जातं. म्हणून "गोळी येताना दिसली की डोळे मिटेन" हा भरवसा कोणी धरू नये.

अशा वेळी आपले हात आपसूक जे करू पाहतात, ते जवळजवळ सगळं चुकीचं असतं. आपण डोळा चोळतो, किंवा तळहाताने दाबून धरतो. कोणीतरी बाटली उघडून पाण्याचा मारा करतं. आवरण फाटलं असेल तर या दाबाने आतला भाग बाहेर येऊ शकतो. पाणी योग्य असतं ते दुसऱ्या प्रसंगी: गोळी दुसरीकडे फुटली आणि नुसता रंग उडून डोळ्यात गेला, तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवावा. गोळी थेट डोळ्यावर बसली असेल तर पाणी नको, थेंब नकोत, कापसाची घट्ट पट्टी नको, पापणी ताणून आत बघणंही नको. पहिला प्रश्न हाच विचारायचा, "गोळी डोळ्यावर बसली की नुसता रंग उडाला?" मैदानावरच्या प्रत्येकाला हा प्रश्न पाठ हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि इथे तो कागदी कप येतो. चहाचा स्वच्छ कप मध्यावर कापायचा आणि बुडाकडचा भाग डोळ्यावर असा धरायचा की त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्याला कुठेही स्पर्श होणार नाही. मग चिकटपट्टीने बसवायचा. जखमी माणसाला आडवं न करता पाठ टेकून, डोकं उंच ठेवून बसवायचं. साचलेलं रक्त जड असल्याने पोकळीच्या तळाशी उतरतं आणि बाहुलीसमोरची वाट मोकळी राहते. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. खायला-प्यायलाही काही नको, कारण तासाभरात भूल देऊन शस्त्रक्रिया करायची वेळ येऊ शकते. आणि गाडी नेत्रशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाकडेच न्यायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आधी "दाखवून" येण्यात जो अर्धा तास जातो तो परत मिळत नाही.

पेटीत म्हणून काय हवं, याचा विचार उलट्या बाजूने करायला हवा. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी पेंटबॉलच्या जखमांवर जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जखमी झालेल्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांवर त्या क्षणी मास्क नव्हता. मास्क मुळात घातलाच नव्हता, किंवा घालून मग काढला होता. आणि तो काढायला लावते ती वाफ. श्वासातली आणि घामाची गरम, दमट हवा थंड काचेला लागली की तिच्यातलं बाष्प बारीक थेंबांच्या रूपात काचेवर बसतं आणि प्रकाश विखुरतो. घाटमाथ्यावरच्या पावसाळी हवेत तर हे पाच मिनिटांत होतं. दोन थरांच्या काचेत मध्ये हवा कोंडलेली असल्याने आतला थर उबदार राहतो आणि वाफ कमी धरते. असे मास्क महाग पडतात. पण मैदानाच्या मालकाला खर्चच करायचा असेल तर तो इथे करावा, पेटीवर नंतर. मास्क पुसायचं कोरडं मऊ फडकं, ते वापरायला मैदानाच्या कडेला जाळीने बंद केलेली जागा, त्या जागेत शिरताना प्रत्येक नळीवर चढवायचं कापडी टोपडं, आणि रोज सकाळी प्रत्येक मार्करचा वेग मोजणारं यंत्र हीच मला खरी प्रथमोपचाराची सामग्री वाटते.

डोळ्याइतकं लक्ष मी उन्हाकडे देईन. अंगभर जाड पोशाख, छातीवर चिलखतासारखं जाकीट, तोंडावर मास्क, आणि वर धावपळ. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर. पोशाखाच्या आत तो नुसताच ओघळतो आणि अंग तापत राहतं. धावताना उष्माघात झालेल्या माणसाची त्वचा कोरडीच असेल असं नाही. तो घामाने निथळत असतानाही असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो, चिडतो, कोसळतो. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू अक्षरशः तापत असतो. इथे गाडीची वाट बघत बसायचं नाही. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पोशाख उतरवा, सावलीत न्या, बर्फाच्या पाण्याचं टब असेल तर त्यात मानेपर्यंत बसवा आणि डोकं धरून ठेवा. नसेल तर बादल्यांनी पाणी ओतत राहा आणि पंख्याने, पुठ्ठ्याने, हाताला येईल त्याने वारा घाला. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बहुतेक रिसॉर्टांत थंड पेयांसाठी बर्फ भरलेली पेटी असतेच. ती कुठे आहे हे मैदानावरच्या मुलांना माहीत असलं की झालं.

मार्करला जोडलेल्या नळकांड्यात दाबाखालची हवा किंवा कार्बन डायऑक्साइड असतो. चुकीच्या पद्धतीने पेच उलगडल्यामुळे नळकांडं उडून अमेरिकेत माणसं दगावली आहेत. म्हणून ते बदलण्याचं काम शिकलेल्या माणसानेच करावं.

आपल्याकडच्या मैदानांना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. आडोशासाठी रचलेले टायर, लाकडी फळ्या, वाळूची पोती वर्षानुवर्षं तशीच पडून असतात आणि विंचवाला अशीच जागा आवडते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने एकेकाळी मुलं फार मोठ्या संख्येने दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयांत राहून, रुग्णांच्या उशाशी बसून हे विष हृदयावर कसं काम करतं ते शोधलं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन वेळेत दिलं तर मृत्यू टळतात हे त्यांनी दाखवून दिलं. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावं, मंत्र आणि पाला नंतरसुद्धा नको. सापाच्या बाबतीतही तेच: दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता धीर द्यायचा, घट्ट आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, आणि प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात हमखास मिळतं हे आधीच माहीत असायला हवं.

ही "आधीच" असायची माहिती एका फळ्यावर मावते. १०८ ला फोन केल्यावर काय सांगायचं, म्हणजे मैदानाचा नेमका पत्ता आणि आत यायची खूण. मोबाइलची रेंज कुठल्या कोपऱ्यात मिळते. फाटकाची दुसरी किल्ली कोणाकडे. जवळचं नेत्ररुग्णालय कोणतं. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका मोफत मिळते, पण घाटातल्या कच्च्या रस्त्यावर ती फाटकासमोर येऊन थांबली आणि फाटकाला कुलूप असलं तर काय उपयोग? पहारेकऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी महिन्यातून एकदा हे सोंग म्हणून करून बघावं. एकाने जखमी व्हायचं, दुसऱ्याने कप कापायचा, तिसऱ्याने फाटकाकडे पळायचं आणि चौथ्याने घड्याळ बघायचं. मनगटाचं घड्याळ पुरतं.

मॅनेजरांना मी आणखी एक विनंती करून आले. नोंदवही ठेवा. डोळ्याला मार लागून रक्त साचलं की पहिल्या आठवड्यात ते पुन्हा वाहू शकतं, कधी पहिल्यापेक्षा जास्त. शिवाय बुबुळाच्या मुळाशी पाणी वाहून जायचा जो मार्ग असतो तो दुखावला असेल तर डोळ्यातला दाब वाढायला कधी दहा, कधी वीस वर्षंही लागतात. काही दुखत नाही, दिसतंही नीट. चाळिशीला आलेला माणूस काचबिंदू घेऊन डॉक्टरांपुढे बसतो आणि डॉक्टर विचारतात, "या डोळ्याला कधी मार लागला होता का?" त्याला आठवत नसतं. वहीत तारीख, कुठला डोळा, किती अंतरावरून आणि मार्करचा वेग एवढं लिहून त्याची एक प्रत पालकांच्या हातात द्यायची. मॅनेजरांनी टेबलाच्या खणातून हजेरीची जुनी वही काढली, तिची मागची कोरी पानं उघडली आणि पहिल्या ओळीवर "डोळा: डावा / उजवा" असं लिहून माझ्याकडे बघितलं, "पुढे काय काय लिहायचं ते सांगा, मॅडम."