हळवं लेकरू आणि बुजरं लेकरू

आमच्या घरात दोन्ही आहेत. लेक हळवी, पुतण्या बुजरा. बघणारे मात्र दोघांनाही एकाच पंगतीत बसवतात: "पोरं माणसांत मिसळत नाहीत."

अनंत चतुर्दशीला दोघांना कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर मिरवणूक बघायला नेलं होतं. पुतण्या माझा पदर सोडेना. कुणी "कितवीत रे?" विचारलं की मान खाली. पण डॉल्बीच्या ठेक्यावर त्याचा पाय मजेत हलत होता. लेक अनोळखी लेझीमवाल्या पोरींशी गप्पा मारत सुटली. दीड तासानं तिनं कानांवर हात ठेवले. "आई, छातीत दणदण होतंय, घरी जाऊया." घरी अंधार करून पडली आणि तासाभरानं उठून तिनंच आजीला सगळी मिरवणूक सांगितली, ट्रॉलीखाली झोपलेल्या कुत्र्यासकट.

बुजऱ्याला भीती असते ती लोक काय म्हणतील याची. घरच्या चार माणसांत तो खुलतो. हळव्याचा प्रश्न आवाज, उजेड, वास, गर्दी यांचा असतो. मायेची माणसं असली तरी तो दमतो, कारण त्याचं मन आलेली प्रत्येक गोष्ट खोलवर चाळत बसतं. एलेन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं १९९७ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. हा स्वभाव आहे, आजार नाही. एलेन अ‍ॅरन यांच्या मते अशांपैकी सुमारे ३० टक्के माणसं चांगली बोलकी, बहिर्मुख असतात. हळवा माणूस बुजराही असू शकतो, म्हणून तर घोटाळा होतो.

घोटाळ्याची किंमत मुलं मोजतात. एका शिक्षिकेनं माझ्या लेकीला "स्टेज डेअरिंग यावं" म्हणून दर आठवड्याला माईकवर उभं केलं. तिला माईकची भीती कधी नव्हतीच! सभागृहातल्या कर्कश स्पीकरनं ती घरी येऊन रडायची. ते आठवलं की अजून माझ्या पोटात तुटतं.

बुजऱ्याला थोडं थोडं पुढं करावं लागतं, तेही न हिणवता. भीतीपायी शाळा किंवा काम सुटायला लागलं, तर समुपदेशकाकडं जावंच. हळव्याला सवयीचा डोस देऊन उपयोग नाही. त्याला मधे मधे विसावा हवा. आम्ही अंबाबाईला मंगळवार-शुक्रवार टाळून पहाटे जातो, तेव्हा गाभाऱ्यासमोर लेक शांत उभी राहते. मिरवणुकीला फोमचे इअरप्लग नेतो. कापसाच्या बोळ्यांनी आवाज फारसा अडत नाही. लग्नाला गेलो की दुसरा दिवस मोकळा ठेवतो.

आजीच्या चालीतला फरक या हळव्या लेकीलाच आधी दिसला. "आजी, गुडघा दुखतोय ना?" आजीनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

आणि पुतण्या? महिनाभर काकांचा हात धरून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जात होता. परवा म्हशीची धार काढणाऱ्याला हळूच म्हणाला, "काका, एक ग्लास."